गव्हर्नर, राज्यपाल आणि आपला सरपंच
(अर्नाळा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय अमेरिकेतल्या एका राज्याच्या गव्हर्नरची निवडणूक. अर्नाळ्यात बसून मिशिगनच्या निवडणुकीशी आपलं काय देणंघेणं, असं कोणाला वाटलं तर ते साहजिक आहे. पण सुरुवात आपण एका शब्दापासून करू, कारण घोटाळा शब्दातच आहे.

मराठी वर्तमानपत्रं अमेरिकेतल्या ‘गव्हर्नर’साठी पुष्कळदा ‘राज्यपाल’ असं छापतात. शब्दकोश उघडला तर भाषांतर बरोबर ठरेल. आता राज्यपाल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? मलबार हिलवरचा समुद्राकाठचा बंगला, मंत्र्यांचा शपथविधी, अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सरकारने लिहून दिलेलं भाषण. आमच्यासारख्या, विद्यापीठात जन्म गेलेल्या माणसाला राज्यपाल म्हणजे कुलपती, म्हणजे दीक्षान्त समारंभातला झगा. हे सगळं मनात ठेवून ‘मिशिगनच्या राज्यपालपदाची निवडणूक’ ही बातमी वाचली की ती कळल्यासारखी वाटते, आणि कळलेली नसते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही मुलांना सांगत असू, की दोन भाषांत दोन शब्द समोरासमोर ठेवता आले म्हणून वस्तू एक होत नाही.

अमेरिकेतला गव्हर्नर हा त्या राज्याचा खराखुरा कारभारी. राज्याचा अर्थसंकल्प तो मांडतो, खातेप्रमुख नेमतो, विधिमंडळाने केलेल्या कायद्यावर सही करतो किंवा नकाराधिकार वापरून तो परत पाठवतो. कैद्याची शिक्षा माफ करतो. पूर आला, दंगल झाली, तर राज्याच्या नॅशनल गार्डला तोच बोलावतो. त्याच्या वर त्या राज्यात दुसरा कोणी मुख्यमंत्री नाही. आणि त्याला राष्ट्राध्यक्ष नेमत नाही, विधिमंडळातले आमदारही निवडत नाहीत. राज्यातला मतदार स्वतः जाऊन त्याच्या नावावर खूण करतो.

अशी खुर्ची आपल्याकडे कुठे आहे? शोधायला मुंबईला जाऊ नका, दिल्लीला तर नकोच. ती इथे आहे, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. विरारला महानगरपालिका, आपल्याकडे ग्रामपंचायत, आणि किल्ल्याची ग्रामपंचायत पुन्हा वेगळी. थेट सरपंचाची पद्धत आल्यापासून गावचा मतदार एक मत सरपंचाला देतो आणि बाकीची आपल्या प्रभागातल्या सदस्यांना. तुम्ही आयुष्यात मुख्यमंत्र्याला कधी मत दिलेलं नाही, पंतप्रधानालाही नाही. तुम्ही आमदाराला दिलं, खासदाराला दिलं, पुढचं त्यांनी ठरवलं. कारभार चालवणाऱ्या माणसाच्या नावापुढचं बटण तुम्ही दाबलं ते सरपंचाच्या वेळी. शहरातल्या लोकांनी ते नगराध्यक्षाच्या वेळी दाबलं असेल. अमेरिकन गव्हर्नर समजून घ्यायचा तर राज्यपालाला बाजूला ठेवा आणि सरपंचाला मोठा करत न्या, एक कोटी वस्तीच्या राज्याएवढा.

मिशिगनचंच उदाहरण आम्ही घेतो, कारण तिथे २०१८ मध्ये या पदासाठी एक मराठी माणूस उभा होता. श्री ठाणेदार. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात, घरची गरिबी. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी., मग अमेरिकेत अॅक्रन विद्यापीठात रसायनशास्त्राची डॉक्टरेट. ‘ही ‘श्री’ची इच्छा’ हे त्यांचं आत्मकथन इथे अनेकांनी वाचलं असेल. राजकारणाआधीचे ते उद्योजक. रासायनिक चाचण्यांची कंपनी त्यांनी वाढवली, मंदीनंतर ती बँकेच्या ताब्यात गेली, मग दुसरी कंपनी उभी केली.

पहिला प्रश्न असा, की बाहेर जन्मलेला माणूस गव्हर्नर होऊ शकतो का? होऊ शकतो. जन्माने अमेरिकन असण्याची अट राष्ट्राध्यक्षासाठी आहे. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झालेले आर्नोल्ड श्वार्झनेगर ऑस्ट्रियातले. लुइझियानाचे बॉबी जिंदाल आणि साउथ कॅरोलिनाच्या निकी हेली यांचे आईवडील पंजाबातून गेलेले, पण ही दोघं जन्मली अमेरिकेतच. मिशिगनची अट एवढीच, की वय ३० पूर्ण असावं आणि उमेदवार गेली ४ वर्षं राज्याचा नोंदलेला मतदार असावा.

दुसरा प्रश्न आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा. तिकीट कोण देतं? आपल्याकडे तिकीट वरून येतं. कुठल्या बंगल्यावर कोण किती वाजेपर्यंत बसलं होतं, यावर आपल्या वृत्तवाहिन्या चालतात. अमेरिकेत तिकीटही मतदारच देतात. मुख्य निवडणुकीआधी ‘प्रायमरी’ नावाची निवडणूक होते, तिच्यात एकाच पक्षाचे इच्छुक आपसात लढतात. तिच्यात नाव छापून यायला मिशिगनमध्ये निदान १५ हजार मतदारांच्या वैध सह्या लागतात. ही नुसती औपचारिकता नाही बरं का! २०२२ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या पाच इच्छुकांच्या सह्यांचे कागद तपासले, त्यांत खोट्या सह्यांचे गठ्ठे निघाले आणि पाचही जण बाद झाले. त्यांत डेट्रॉइट शहराचे माजी पोलीसप्रमुखही होते. सह्या जमवायला पैसे देऊन माणसं ठेवली होती, आणि त्या माणसांनी सह्या घरी बसून केल्या. कारागिरी सगळीकडे सारखीच.

आणखी एक गंमत. मिशिगनमध्ये मतदाराला पक्षाचं सभासदत्व घ्यावं लागत नाही. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात. पडद्याआड त्याने कुठल्याही एका पक्षाचा रकाना निवडायचा, फक्त दोन्हीकडे खुणा केल्या तर मत बाद. पक्षाचा उमेदवार ठरवणारा माणूस पक्षाचा असलाच पाहिजे असं नाही. यावर वाद आहेत, आणि आमच्या मते त्यांत तथ्यही आहे. ज्याच्या घरचं लग्न, त्याने मुलगी बघावी की रस्त्याने जाणाऱ्याने?

२०१८ मध्ये मिशिगनची खुर्ची रिकामी होत होती. रिक स्नायडर यांच्या दोन मुदती संपल्या होत्या. १९९२ मध्ये त्या राज्याच्या मतदारांनी सार्वमत घेऊन राज्यघटनेत घातलं, की एका माणसाला हे पद दोनदाच, चार-चार वर्षं. डेमोक्रॅटिक पक्षाकडून तीन जण उतरले. ग्रेचेन व्हिटमर या राज्याच्या विधिमंडळात मुरलेल्या, अब्दुल एल-सईद हे तरुण डॉक्टर, आणि आपले ठाणेदार. ठाणेदारांनी स्वतःचे १ कोटी डॉलरहून अधिक घातले. सुरुवातीलाच दूरदर्शनवर जाहिराती केल्या, आणि वसंतात काही मतचाचण्यांत हे नवखे गृहस्थ चक्क पुढे होते. मग प्रायमरीचं खरं काम सुरू झालं, म्हणजे उमेदवाराला उलटंपालटं करून बघणं. जुनी कंपनी बँकेच्या ताब्यात गेली तेव्हा तिच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचं काय झालं, इथपर्यंत प्रश्न निघाले. ७ ऑगस्टला मतदान झालं. व्हिटमर यांना सुमारे ५२ टक्के, एल-सईद यांना ३०, ठाणेदारांना १७-१८ टक्के, म्हणजे २ लाखांच्या आसपास मतं. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत व्हिटमर यांनी रिपब्लिकन बिल शूट यांना सुमारे ५३ विरुद्ध ४४ टक्क्यांनी हरवलं. ठाणेदार २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळात आणि २०२२ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले.

आपली माणसं ही गोष्ट सांगताना ‘मराठी माणूस कुठे पोचला’ एवढंच सांगतात. अभिमान असू द्या. आम्हाला त्यात लक्ष द्यावंसं वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. बेळगावच्या मुलाने २ लाख मतं मिळवली ती कारभाराच्या सर्वोच्च खुर्चीसाठी, थेट, आपल्या नावावर. महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जन्मभर राजकारण करणाऱ्या माणसालाही अशी मतं मागता येत नाहीत, कारण त्या खुर्चीची मतपत्रिकाच नाही.

आता ती का नाही? इथे थोडा इतिहास पाहावा लागतो, आणि तो मोठा चवदार आहे.

अमेरिकेतल्या गव्हर्नरचं आणि आपल्या राज्यपालाचं मूळ एकच. इंग्लंडचा राजा. अमेरिकेतल्या बहुतेक वसाहतींवर राजा गव्हर्नर पाठवी, मुंबई इलाख्यातही पुढे इंग्लंडहून गव्हर्नर येई. १७७६ मध्ये तिकडच्या लोकांनी राजाला झुगारलं तेव्हा गव्हर्नर या शब्दाचाच त्यांना राग होता. पेनसिल्व्हेनियाने तर एकटा गव्हर्नर नकोच म्हणून मंडळ नेमलं. बहुतेक राज्यांनी गव्हर्नर ठेवला, पण त्याला विधिमंडळाने निवडायचं आणि मुठीत ठेवायचं. न्यूयॉर्कने १७७७ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सने १७८० मध्ये थेट निवडणूक स्वीकारली. बाकीची राज्यं हळूहळू त्या वाटेने आली. व्हर्जिनियाला १८५१ उजाडलं, साउथ कॅरोलिनाला यादवी युद्ध संपावं लागलं. म्हणजे ही पद्धत कोणी एका दिवसात शोधलेली नाही. राजाच्या माणसाची भीती जाऊन लोकांच्या माणसाचा विश्वास बसायला त्यांना पाऊणशे-शंभर वर्षं लागली.

आपल्याकडे काय झालं? बऱ्याच जणांना हे ऐकून नवल वाटतं, पण आपल्या संविधान सभेने आधी निवडलेलाच राज्यपाल स्वीकारला होता. जुलै १९४७ मध्ये प्रांतांच्या घटनेचा आराखडा सरदार पटेलांनी सभेपुढे मांडला, त्यात प्रौढ मतदानाने राज्यपालाची थेट निवडणूक होती, आणि सभेने ती मान्य केली. १९४८ च्या मसुद्यात मात्र शंका शिरली. तिथे दोन पर्याय छापले गेले, एक थेट निवडणुकीचा आणि दुसरा विधिमंडळाने चार नावं सुचवून त्यांतून राष्ट्रपतींनी एक नेमण्याचा. आणि मे १९४९ च्या अखेरीस ब्रजेश्वर प्रसाद यांची दुरुस्ती मंजूर झाली. राष्ट्रपती नेमतील, बस्स. आज ते कलम १५५ आहे. पुढच्याच कलमात लिहिलंय की राष्ट्रपतींची मर्जी असेतोवर राज्यपाल पदावर राहील.

दोन वर्षांत मत का फिरलं? मधल्या काळात फाळणी झाली होती, दंगली झाल्या होत्या, देश टिकतो की नाही अशी धास्ती होती. नेहरूंचं म्हणणं होतं की राज्यपाल निवडून आला तर प्रांतीय फुटीरपणाला खतपाणी मिळेल, त्यापेक्षा पक्षीय राजकारणापासून अलिप्त, शक्यतो बाहेरच्या प्रांतातला मान्यवर माणूस बरा. दुसरा मुद्दा तर्काचा होता आणि आम्हाला तोच वजनदार वाटतो. एकदा विधानसभेला जबाबदार मुख्यमंत्री ठेवायचा ठरवला, की त्याच्या शेजारी साऱ्या प्रांताने निवडलेला राज्यपाल बसवणं म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. मुख्यमंत्री म्हणणार, बहुमत माझं. राज्यपाल म्हणणार, मला तर प्रत्येक मतदाराने निवडलंय. अमेरिकेत हा पेच नाही, कारण तिथे मुख्यमंत्रीच नाही. संविधान सभेने संसदीय पद्धत घेतली, त्यामुळे निवडलेला राज्यपाल तिच्यात बसत नव्हता. निर्णय चुकला असं आम्ही म्हणणार नाही.

पण त्या निर्णयाला एक गृहीतक चिकटलेलं होतं. राज्यपाल स्वतःहून काही करणार नाही, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागेल, अलिप्त राहील. हे गृहीतक महाराष्ट्रात काय वेगाने झिजलं ते आपण सर्वांनी पाहिलंय. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि लोक चहा घेत होते तोवर शपथविधी उरकला. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश दिला आणि ते सरकार गेलं. २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी पाठवलेली १२ नावं सरकार पडेपर्यंत राज्यपालांकडे पडून राहिली. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली, मुख्यमंत्र्यांनी तिला सामोरं न जाता राजीनामा दिला. ११ मे २०२३ ला घटनापीठाने सांगितलं की चाचणी बोलावण्याइतका आधार राज्यपालांपुढे नव्हता, पण राजीनामा दिलेला असल्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही. कोणता पक्ष बरोबर हे सांगायला आम्ही उभे नाही. प्रश्न असा आहे: त्या निर्णयाचा जाब मतदाराने कोणाला विचारायचा होता? राज्यपाल कोणाच्याही मतांवर उभे नव्हते. त्यांना पाडायला मतपेटी नव्हती.

मग थेट निवडलं की जाब मिळतो, असं सरळ उत्तर आहे का? मिशिगनच सांगतं की तसं नाही.

फ्लिंट हे त्या राज्यातलं एक गरीब झालेलं शहर. मोटारींचे कारखाने गेले, तिजोरी रिकामी. दिवाळखोर शहरांवर गव्हर्नरच्या बाजूने ‘आणीबाणी व्यवस्थापक’ नेमायचा कायदा मिशिगनमध्ये होता. महापौर, नगरसेवक नावाला, सही व्यवस्थापकाची. नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनी सार्वमतात हा कायदा नाकारला. पुढच्याच महिन्यात विधिमंडळाने जवळपास तसाच दुसरा कायदा केला, गव्हर्नर स्नायडर यांनी त्यावर सही केली, आणि त्यात पैशाची तरतूद जोडली. अशी तरतूद असलेल्या कायद्यावर तिथे सार्वमत मागता येत नाही! या व्यवस्थेत एप्रिल २०१४ मध्ये, पैसे वाचवायला, फ्लिंटचं पाणी डेट्रॉइटच्या योजनेवरून फ्लिंट नदीवर फिरवलं गेलं. ते पाणी जुने नळ कुरतडू लागलं, आणि शिसं मुलांच्या पोटात गेलं. लीजनेअर नावाच्या न्यूमोनियासारख्या आजाराने निदान १२ माणसं दगावली. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना येत होते, आणि ज्यांच्याकडे येत होते त्यांच्या हातात काही नव्हतं. स्नायडर यांच्यावर २०२१ मध्ये कर्तव्यात कसूर केल्याचे आरोप ठेवले गेले, ते पुढे आरोप ठेवण्याची प्रक्रियाच चुकली म्हणून रद्द झाले.

हे ऐकताना विरारकडची मंडळी मनात काही जुळवत असतील. वसई-विरार महानगरपालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं आणि वर प्रशासकच होता. तिथे दिवाळखोरी नव्हती, निवडणुका झाल्या नव्हत्या, एवढा फरक. पण रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल विचारायला नगरसेवक नसणं म्हणजे काय, हे त्यांना आम्ही सांगायला नको.

खड्ड्यांवरून आठवलं. व्हिटमर बाईंची प्रचाराची घोषणा रस्तेदुरुस्तीचीच होती, आणि तिच्यात एक सौम्य शिवीही होती. लोकांना ती फार आवडली. निवडून आल्यावर त्यांनी पेट्रोलवर गॅलनमागे ४५ सेंट कर सुचवला. विधिमंडळ रिपब्लिकन पक्षाच्या हातात, त्यांनी तो बाजूला ठेवला आणि आपला अर्थसंकल्प पाठवला. बाईंनी सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस त्यातल्या १४७ बाबी एकेक करून खोडल्या. होते ९४ कोटी डॉलरहून जास्त. शेवटी रस्त्यांसाठी रोखे काढून कर्ज उभारलं. गव्हर्नर लोकांनी निवडलेला, विधिमंडळही लोकांनीच निवडलेलं, आणि दोघं एकमेकांचा हात धरून बसलेले.

आता सांगा, सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनेलचं, असं चित्र आपल्या तालुक्यात कोणी पाहिलंय का? मासिक सभेत ठरावच होत नाही, कामाचा धनादेश अडतो, सरपंच म्हणतो सदस्य अडवतात आणि सदस्य म्हणतात हा मनमानी करतो. थेट निवडणुकीची ही किंमत आहे. ती अर्नाळ्यात पडो की लान्सिंगला. लान्सिंग ही मिशिगनची राजधानी.

पण किंमत मोजायची की नाही हे ठरवायचं कोणी, यात दोन्हीकडे मोठा फरक आहे. मिशिगनमध्ये गव्हर्नरची निवडणूक, त्याच्या मुदती, हे सगळं राज्यघटनेत आहे, आणि ते बदलायचं तर मतदारांचं सार्वमत लागतं. महाराष्ट्रात थेट सरपंच २०१७ मध्ये आला, सरकार बदललं तसा २०२० मध्ये गेला, पुन्हा सरकार बदललं तसा २०२२ मध्ये परत आला. नगराध्यक्षाचंही तेच. पाच वर्षांत तीन वेळा नियम फिरला, आणि गावाला एकदाही विचारलं गेलं नाही. गावाने सरपंच निवडावा की सदस्यांनी, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. आम्हाला खटकतं ते हे, की मुंबईत ज्याला जी पद्धत सोयीची वाटली ती गावाला लागली.

शेवटी एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे तिचं उत्तर देतो. प्रश्न असा, की निवडलेला गव्हर्नर नकोसा झाला तर मुदत संपेपर्यंत सोसायचं का?

अमेरिकेत दोन वाटा आहेत. एक महाभियोगाची, ती विधिमंडळाच्या हातात. दुसरी लोकांची, तिला ‘रिकॉल’ म्हणजे परत बोलावणं म्हणतात. ती सगळ्या राज्यांत नाही, २० च्या आसपास राज्यांत आहे, त्यांत मिशिगनही आहे. ठरलेल्या संख्येने सह्या गोळा केल्या की मुदतीच्या मध्येच मतदान घ्यावं लागतं. सोपं वाटतं, पण अशा मतदानाने गव्हर्नर प्रत्यक्षात पायउतार झाले ते आजवर दोनच. नॉर्थ डकोटाचे लिन फ्रेझियर १९२१ मध्ये, आणि कॅलिफोर्नियाचे ग्रे डेव्हिस ऑक्टोबर २००३ मध्ये. डेव्हिस यांच्या जागी श्वार्झनेगर आले ते असे. विस्कॉन्सिनचे स्कॉट वॉकर २०१२ मध्ये आणि कॅलिफोर्नियाचे गॅव्हिन न्यूसम २०२१ मध्ये अशा मतदानातून तरले.

आपल्या थेट सरपंचाविरुद्ध पहिली दोन वर्षं आणि शेवटचे सहा महिने अविश्वास ठराव आणता येत नाही. मधल्या काळात तीन चतुर्थांश सदस्यांनी तो मंजूर केला तरी सरपंच लगेच जात नाही. ठराव ग्रामसभेपुढे येतो, तिथे गुप्त मतदान होतं, आणि ज्या मतदारांनी निवडलं त्यांनीच ‘जा’ म्हटलं तर तो जातो. आणि राज्यपालांबद्दल विचाराल, तर ती तरतूद मघाशी सांगितलेल्या कलम १५६ मध्ये आहे. तिथे सह्या नाहीत, सभा नाही, मतदान नाही.